वॉरंटीत ‘गॅस कमी आहे’, वॉरंटी संपल्यावर ‘कॉइल गेली’

प्रति,
मा. प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
कंपनीचे मुख्य कार्यालय

दिनांक : १ जून २०२५

विषय : गाडीच्या एसीच्या कूलिंग कॉइलची गळती वॉरंटीच्या काळात न शोधता नंतर तिचा खर्च आमच्याकडून घेतल्याबद्दल तक्रार, आणि २५,२०० रुपये परत मिळण्याबाबत

महोदय,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात एका खेड्यात राहते आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आपल्या कंपनीची १२०० सीसीची पेट्रोल गाडी आम्ही ११ फेब्रुवारी २०२२ रोजी घेतली. आमच्या घरातली ही पहिली चारचाकी. वॉरंटी तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, जे आधी होईल ते. ती १० फेब्रुवारी २०२५ ला संपली तेव्हा गाडी ४६ हजार किलोमीटर चालली होती. या काळात एकही सर्व्हिसिंग आम्ही बाहेर केले नाही. यवतमाळला आपल्या अधिकृत सेवा केंद्रात जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर पडतात, तरी दर वेळी तिथेच गेलो. वॉरंटी टिकवायची असेल तर तिथेच या, असे शोरूममध्ये किल्ली देतानाच सांगितले होते.

गाडी आम्हाला कशासाठी लागते तेही सांगते, नाहीतर एसीसाठी एवढे लांब पत्र कशाला, असे आपल्याला वाटेल. माझ्या सासऱ्यांना, मामाजींना, जुलै २०२३ पासून आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी यवतमाळला न्यावे लागते. मंगळवारी आणि शुक्रवारी. चार तास मशीनवर काढून ते बाहेर येतात तेव्हा अंगात त्राण नसते, बीपी उतरलेला असतो. दुपारी दोनला परतीची वाट धरायची, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचे ऊन, काच खाली केली की झळा आत. त्यांचे पाणी मोजून दिलेले, त्यामुळे तहान लागली म्हणून दोन घोट जास्त पाजताही येत नाहीत. अशा माणसासाठी गाडीतला एसी ही चैनीची वस्तू नाही.

२१ मे २०२४, मंगळवार. शाळेला उन्हाळी सुट्टी होती म्हणून मी सोबत होते. मामाजींना मशीनवर लावले आणि आम्ही दोघे गाडी घेऊन आपल्या सेवा केंद्रात गेलो. तक्रार एकच : एसी पूर्वीसारखा थंड करत नाही, घाटंजीपर्यंत येईस्तोवर गाडी गरमच राहते. अर्ध्या तासाने सर्व्हिस ॲडव्हायझर आले आणि म्हणाले, “मॅडम, गॅस कमी झाला होता, टॉप-अप केला.” त्याचे २,००० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, असे २,३६० रुपये घेतले. गॅस वॉरंटीत बसत नाही, असे सांगितले. गॅस कमी का झाला, हे आम्ही विचारले नाही. विचारायचे असते हे तेव्हा ठाऊक नव्हते. पण त्यांना तर ठाऊक होते.

५ नोव्हेंबर २०२४ ला, दिवाळी झाल्यावरच्या मंगळवारी, माझे पती पुन्हा गाडी घेऊन गेले. शेतात कपाशीची वेचणी चालू होती, तरी दिवस मोडून गेले, कारण एसी पुन्हा कमी पडू लागला होता आणि वॉरंटीचे तीनच महिने उरले होते. जॉब कार्डावर, म्हणजे केंद्रातल्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, ‘एसी कूलिंग कमी’ अशी आमची तक्रार लिहिलेली आहे. तिच्या पुढे आपल्या माणसाने ‘तपासले, ठीक आहे’ असे लिहिले आहे. तोंडी मात्र त्यांनी सांगितले की आता थंडी सुरू झाली, कूलिंग नीट कळणार नाही, उन्हाळा लागला की आणा. उन्हाळा लागेपर्यंत वॉरंटी संपणार, हे त्यांच्या समोरच्या कॉम्प्युटरवर दिसतच होते.

१८ फेब्रुवारी २०२५ ला, वॉरंटी संपून आठ दिवस झाल्यावर, वार्षिक सर्व्हिसिंगला गेलो तेव्हाही एसीचे सांगितले. पुन्हा ‘ठीक आहे’.

मग २२ एप्रिल. येतानाच एसीने गरम हवा फेकायला सुरुवात केली. मामाजींना दवाखान्यात सोडून गाडी आपल्या केंद्रात लावली. या वेळी त्यांनी सिस्टीममध्ये दाबाने नायट्रोजन भरून पाहिला आणि तासाभरात निदान दिले : कूलिंग कॉइल, म्हणजे आतली हवा थंड करणारी जाळी, लीक आहे, बदलावी लागेल, त्यासाठी डॅशबोर्ड उतरवावा लागेल. कॉइल आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह मिळून १०,१०० रुपये, त्यावर २८ टक्के जीएसटी. गॅस, कॉम्प्रेसर ऑइल आणि मजुरी ८,४०० रुपये, त्यावर १८ टक्के. एकूण २२,८४० रुपये. जी तपासणी तासाभरात होऊ शकते ती आदल्या वर्षीच्या मे महिन्यात का केली नाही, याचे उत्तर मला आजपर्यंत मिळालेले नाही.

महोदय, माझे शिक्षण मोटारींचे नाही. पण घाटंजीच्या आमच्या ओळखीच्या मेकॅनिकभाऊंना मी नंतर विचारले, तेव्हा त्यांनी एका वाक्यात समजावले : “मॅडम, गॅस काई पेट्रोलसारखा जयत नाई. कमी झाला म्हंजे कुठून तरी चाल्ला.” एसीची यंत्रणा बंद असते, तोच गॅस कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि कॉइल यांतून फिरत राहतो. वर्षानुवर्षांत किंचित कमी होईल, पण दोन वर्षांच्या गाडीत टॉप-अप करण्याइतका कमी झाला आणि सहा महिन्यांत पुन्हा कमी पडला, तर गळती शोधायची, हे या धंद्यातल्या शिकाऊ पोरालाही माहीत असते, असे ते म्हणाले. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे पंक्चर न काढता हवा भरणे. आमच्याकडून हवेचे पैसे घेतले आणि पंक्चर तसेच ठेवले.

त्यातही एक गोष्ट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. काढलेला जुना पार्ट मी मागितला. आधी ‘तो कंपनीला परत जातो’ असे सांगितले. वॉरंटीत बदलला असता तर परत गेला असता, पण याचे पैसे आम्ही दिले, हे मी सांगितल्यावर दिला. त्या कॉइलच्या एका कोपऱ्यात तळहाताएवढा तेलकट डाग आहे आणि त्यावर धुळीचा काळा थर घट्ट बसला आहे. गॅससोबत कॉम्प्रेसरचे तेल झिरपते आणि त्यावर धूळ चिकटत जाते. एवढा थर आठ-दहा दिवसांत बसत नाही. ही गळती जुनी आहे आणि वॉरंटीतली आहे, याचा पुरावा त्या कॉइलवरच आहे.

मॅनेजरसाहेबांनी दोन कारणे दिली. पहिले, आमच्या खेड्याकडे धूळ फार आणि पांदण रस्ते खराब, म्हणून कॉइल गेली. ही कॉइल डॅशबोर्डच्या आत, ब्लोअरजवळ असते. रस्त्यावरचा गोटा उडून लागला तर समोरच्या कंडेन्सरला लागेल, तिला नाही. धूळ म्हणाल तर एसीचा फिल्टर दर सर्व्हिसिंगला आपल्याच केंद्राने बदललेला आहे, बिलात त्याचे पैसे आहेत. शिवाय गाडी विकताना ग्राऊंड क्लिअरन्स दाखवून ‘ही खेड्याच्या रस्त्यासाठीच आहे’ असे आपल्याच शोरूममध्ये सांगितले होते. दुसरे कारण, आम्ही एक्स्टेंडेड वॉरंटी, म्हणजे जादा पैसे भरून वाढवून मिळणारी वॉरंटी, घेतली नाही. जानेवारीत तिच्यासाठी तीन फोन आले होते, हे खरे. पण ज्या दोषाची तक्रार मूळ वॉरंटीतच दोनदा नोंदवली, त्यासाठी दुसरी वॉरंटी विकत का घ्यायची?

कॉइल बाहेरून घेऊन घाटंजीत बसवता येईल का, हेही आम्ही पाहिले. काउंटरवर विचारले तर उत्तर आले, “पार्ट सुटा मिळत नाही, गाडी इथेच लावा.” मामाजींचे पुढचे डायलिसिस शुक्रवारी होते, नागपूरला जाऊन पार्ट शोधायला वेळ नव्हता. आम्ही पैसे भरले आणि बिलावर ‘निषेध नोंदवून’ असे लिहून सही केली. गाडी तीन दिवस तिथे राहिली. त्या मंगळवारी मामाजींना भाड्याच्या गाडीने घरी आणावे लागले. त्याचे पैसे मी मागत नाही.

सुट्या पार्टचा हा प्रश्न माझ्या एकटीचा नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना दंड लावला, तो याच कारणासाठी : सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू न देणे. प्रकरण पुढे अपिलात गेले, पण तेव्हा आयोगाने जे सांगितले ते आमच्यासारख्यांना रोज भोगावे लागते. तालुक्याच्या गावात आपले केंद्र नाही. तिथल्या मेकॅनिकला पार्ट दिला नाही, तर प्रत्येक छोट्या कामाला ऐंशी किलोमीटर आणि एक दिवस जातो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत तो एक दिवस काय असतो, हे शेतकऱ्याच्या घरात विचारावे.

फेब्रुवारीच्या सर्व्हिसिंगबद्दलही लिहिले पाहिजे, कारण वॉरंटी संपल्यावर केंद्राचे वागणे कसे बदलते ते त्यातून दिसते. त्या दिवशी आधी १२,९४० रुपयांचे एस्टिमेट हातात दिले. त्यात इंजिन डिकार्बनायझिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसी डिसइन्फेक्शन आणि अंडरबॉडी कोटिंग अशी चार कामे होती. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत किती किलोमीटरवर काय करायचे याचा तक्ता आहे. ४६ हजारांवर यांतले एकही काम त्यात नाही. मी ते पान उघडून दाखवले तेव्हा चारही कामे खोडली गेली आणि बिल ७,१८० रुपये झाले. इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, एसी फिल्टर, ब्रेक साफ करणे, अलाइनमेंट, एवढेच खरे काम होते. माझ्या शेजारी एक म्हातारे काका बसले होते. त्यांनी एस्टिमेट न वाचताच सही केली. त्यांच्याजवळ पुस्तिका नव्हती, आणि असती तरी इंग्रजीतली होती. मला ते अजून आठवते.

आमच्या घरी गाडीच्या खर्चाची वही आहे. आधी मामाजी लिहायचे, आता मी लिहिते. तीन वर्षांत सर्व्हिसिंग, दुरुस्ती आणि तो गॅस धरून २१,३०० रुपये झाले. फेब्रुवारी ते एप्रिल २०२५ या दोनच नोंदींचे ३०,०२० रुपये. पेट्रोल आणि विमा यांत नाही. गाडी जुनी होत जाते तसा खर्च वाढतो, हे आम्हाला कळते. क्लच, बॅटरी, टायर झिजणारच, त्यासाठी आम्ही दरमहा थोडे बाजूला टाकतो. झिजेचा खर्च आमचा आहे. लपवून ठेवलेल्या दोषाचा खर्च आमचा नाही.

माझी मागणी अशी आहे. कॉइलच्या दुरुस्तीचे २२,८४० आणि मे २०२४ च्या गॅसचे २,३६०, असे २५,२०० रुपये परत मिळावेत. ५ नोव्हेंबरला ‘ठीक आहे’ कोणत्या तपासणीच्या आधारे लिहिले, याचे लेखी उत्तर द्यावे. आणि आपल्या सर्व केंद्रांना लेखी सूचना जावी की गॅस कमी आढळला तर गळती तपासल्याशिवाय टॉप-अप करू नये, आणि तपासणीत काय आढळले ते जॉब कार्डावर मराठीत लिहावे. पैसे मिळाले आणि ही सूचना निघाली नाही, तर माझे समाधान होणार नाही, हे मी आताच सांगून ठेवते.

हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर यावे. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन. या कायद्याने ग्राहकाला तो राहतो तिथल्या आयोगात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. आमच्या गाडीची किंमत त्याहून जास्त असली, तरी सेवेपोटी दिलेली रक्कम त्याच्या कितीतरी आत आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर मी तक्रार आधीच नोंदवली आहे.

चारही भेटींची जॉब कार्डे, बिले, १८ फेब्रुवारीचे खोडलेले एस्टिमेट, पुस्तिकेतले तक्त्याचे पान आणि कॉइलचे फोटो यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. कॉइल धुतलेली नाही, पुसलेलीही नाही. जशी मिळाली तशी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवली आहे. आपला तज्ज्ञ ती पाहायला येणार असेल तर जरूर यावे, फक्त मंगळवार आणि शुक्रवार सोडून. त्या दिवशी आम्ही यवतमाळला असतो.

आपली ग्राहक,
ता. घाटंजी, जि. यवतमाळ