गावी, आजोबांस

ऐरोली, नवी मुंबई

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपवून मी निघाले, तेव्हा बाबांनी विचारले होते, "हे रशियन अजून किती वर्षे?" एस.टी. लागलेली होती, म्हणून फोनवर सांगते असे म्हटले, पण फोनवरही ते जमले नाही. आज बसून लिहिते आहे.

पीएच.डी.ला अजून दोन वर्षे लागतील. ठाण्यात मी शिकवते ते तासिका तत्त्वावर, त्यामुळे मे महिन्यात तास नसतात आणि पैसेही नसतात, हे तुम्हांला ठाऊक आहे. त्याची काळजी मलाही आहे आणि ती मी लपवणार नाही. पण मी हे का सोडत नाही, ते गेल्या सोमवारच्या तासाला काय झाले हे सांगितल्याशिवाय तुम्हांला कळणार नाही.

माझ्या वर्गातली बहुतेक मुले डॉक्टर होण्यासाठी रशियाला जाणारी आहेत. तेहतीस अक्षरे आणि सहा विभक्त्या गळी उतरल्या, की मी त्यांना चेखवची 'वान्का' ही कथा वाचायला देते, कारण ती छोटी आहे आणि ती लिहिणारा स्वतः डॉक्टर होता. १८८६ साली त्याने ती लिहिली तेव्हा तो अवघा सव्वीस वर्षांचा होता. नऊ वर्षांच्या वान्काला मॉस्कोत एका चांभाराकडे काम शिकायला ठेवलेले असते. मालकाचे बाळ जोजवताना स्वतःलाच डुलकी लागली म्हणून त्याने मार खाल्लेला असतो, आणि नाताळच्या आदल्या रात्री घरातली माणसे चर्चला गेल्यावर तो बाकापुढे गुडघे टेकून, चुरगळलेल्या कागदावर गंजक्या टाकाने आजोबांना पत्र लिहितो, की मला इथून घेऊन जा.

त्या पत्राच्या सुरुवातीलाच वान्का आजोबांना 'तू' म्हणतो, लगेच नाताळच्या शुभेच्छा देताना 'तुम्ही' म्हणतो आणि त्याच वाक्यात पुन्हा 'तू'वर येतो. ते मधले 'तुम्ही' आदराचे, की घरातल्या सगळ्यांना मिळून, यावर वर्गात बराच वेळ बोलणे झाले. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे हा प्रश्नच उरत नाही. मराठीत मात्र तो जसाच्या तसा उतरतो, कारण आपल्या 'तुम्ही'लाही तेच दोन अर्थ आहेत. आई, तुला मी जन्मभर 'तू' म्हटले आणि बाबांना 'तुम्ही', आणि या पत्रात दोघांना मिळून 'तुम्ही' लिहिते आहे. इतकी वर्षे तोंडात असलेली ही गोष्ट मला रशियन शिकवताना प्रथम नीट दिसली. चेखवच्या कितीतरी कथा मराठीत इंग्रजीवाटे आल्या, आणि त्या वाटेत असे काय काय गळून गेले, हाच माझ्या प्रबंधाचा विषय आहे. हे काम मराठी घरात वाढलेल्या माणसानेच केले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

नावांचेही तसेच. रशियन कादंबऱ्यांतली लांबलचक नावे पाहून पुष्कळ वाचक पुस्तक मिटून ठेवतात, पण तिथेही नावानंतर वडिलांचे नाव येते, हे सांगितल्यावर आपल्या मुलांना वेगळे काही समजवावे लागत नाही. वान्काचे आजोबा कॉन्स्टन्टिन मकारिच, म्हणजे मकारचे चिरंजीव. आपण नावापुढे 'राव' लावतो, तसे रशियन माणूस आदराने हाक मारताना वडिलांचे नाव जोडतो.

पत्र लिहून झाल्यावर वान्का आदल्या दिवशी एका कोपेकला विकत आणलेल्या पाकिटावर पत्ता लिहितो: 'गावी, आजोबांस'. मग जरा विचार करतो, डोके खाजवतो आणि पुढे आजोबांचे नाव घालतो. गावाचे नाव नाही, जिल्हा नाही. धावत जाऊन पत्र पेटीत टाकतो आणि निश्चिंत झोपतो. हे वाचून वर्गात कुणी बोलेना. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी येत्या सप्टेंबरात पहिल्यांदाच घर सोडणार आहे, म्हणाली, "मॅडम, आपल्याकडे पोस्टात अशा पत्राचे काय करतात?"

मला उत्तर देता आले नाही, पण बाबा, तुम्ही पस्तीस वर्षे टपालाची वर्गवारी केली आणि बटवडा पाहिला आहे. मुंबईला कामाला गेलेल्या पोरांची अर्धवट पत्त्याची पत्रे आली, की तुम्ही जेवतानाही आईला विचारत असायचात, "अमक्या वाडीत या नावाचे कोण गं?" आणि आई, पुष्कळदा तूच ते घर ओळखायचीस. ते सगळे मला लिहून कळवा: पाकीट आधी कुणाच्या हातात जायचे, त्यावर काय शेरा मारायचा, किती दिवस ठेवायचे, आणि पाठवणाऱ्याचाही पत्ता नसला तर पुढे कुठे जायचे. तुमचे पत्र मी वर्गात वाचून दाखवणार आहे.

सोबत 'वान्का'चा मी केलेला अनुवाद पाठवते आहे. आजोबांना 'तू' म्हटलेले आईच्या कानाला खटकते का, तेवढे पेन्सिलीने खूण करून कळवावे. पुढचा तास सोमवारी नसून गुरुवारी आहे, तेव्हा पत्र बुधवारपर्यंत मिळाले तरी चालेल.

तुमची,
मीनल