डोमेन विकले, पण नोंद कोणाच्या नावावर?

महोदय,

लहान व्यवसाय विकला जातो तेव्हा दुकानाचे नाव, गाळ्याचा भाडेकरार आणि शिल्लक माल यांच्या जोडीने आता संकेतस्थळाच्या डोमेनचाही, म्हणजे त्याच्या इंटरनेटवरील नाव-पत्त्याचाही, उल्लेख करारनाम्यात येऊ लागला आहे. करसल्लागार या नात्याने असे करारनामे माझ्यासमोर येतात. त्यांत डोमेनसाठी बहुधा एकच वाक्य असते, 'संकेतस्थळ व त्याचे पासवर्ड खरेदीदाराच्या ताब्यात दिले.' ताबा मिळाला, पण फेरफार झालाच नाही, अशी ही गत आहे. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीच्या, नोंदीत नोंदणीकर्ता म्हणून ज्याचे नाव आणि ईमेल आहे, त्यालाच डोमेनधारक मानले जाते. अनेकदा ते नाव विक्रेत्याचेही नसते. कधीकाळी संकेतस्थळ करून दिलेल्या डिझायनरचे असते. डोमेन-नोंदींच्या सार्वजनिक शोधात धारकाचे नाव 2018 पासून बहुधा झाकलेले असल्यामुळे, विक्रेत्याला समोर बसवून, त्याच्या खात्यात लॉगिन करायला लावून ती नोंद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग या नावांना डोमेनची जागतिक व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेचे हस्तांतर धोरण लागू आहे. त्यानुसार नोंदणीकर्त्याचे नाव, संस्था किंवा ईमेल बदलला, की एरवी 60 दिवस ते डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. रजिस्ट्रारने सवलत ठेवली असेल तर ही अट टाळता येते, पण ती सवलत बदलापूर्वीच मागावी लागते, मागाहून नाही. म्हणून ज्याला रजिस्ट्रारही बदलायचा आहे, त्याने विक्रेत्याच्या नावावर असतानाच डोमेन हलवून घ्यावे आणि मग नाव बदलावे. हलवण्यासाठी लागणारा ऑथ कोड, म्हणजे हस्तांतराचा गुप्त संकेतांक, धारकाने मागितल्यापासून 5 दिवसांत देणे रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे, ही गोष्ट 'कोड मिळत नाही' असे सांगणाऱ्या मध्यस्थाला ऐकवण्याजोगी आहे.

डॉट इनची व्यवस्था निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) या संस्थेकडे असून तेथील वाद लवादामार्फत सोडवण्याचे स्वतंत्र धोरण आहे. मात्र ते धोरण मुख्यतः दुसऱ्याच्या नावावर किंवा व्यापारचिन्हावर डल्ला मारणाऱ्यांसाठी आहे. सत्यम इन्फोवे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये डोमेनला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मान्य केले, तोही झगडा दोन व्यवसायांच्या सारख्या नावांचा होता. करारात तोंडदेखले वाक्य लिहून फसलेल्या खरेदीदाराला शेवटी दिवाणी न्यायालयाचीच पायरी चढावी लागते, आणि तोवर नूतनीकरणाची तारीख उलटून गेली, तर नावच हातचे जाण्याची भीती असते.

देवनागरीतील डॉट भारत नावे निक्सीने 2014 मध्येच खुली केली. त्याच निक्सीने डोमेन विक्रीच्या कराराचा एक नमुना मराठीसह सर्व भारतीय भाषांत उपलब्ध करून द्यावा, आणि नोंदणीकर्त्याचे नाव प्रत्यक्ष बदलल्यावरच शेवटचा हप्ता देय होईल, असे कलम त्यात ठळकपणे घालावे, अशी माझी मागणी आहे. तोपर्यंत करारनामे लिहून देणाऱ्या वकील व सल्लागार मंडळींनी हे कलम स्वतःहून घालायला हरकत नसावी.

आपला,
एक करसल्लागार, सांगली