एकशे ऐंशीव्या पानापर्यंतचा सोबती

प्रिय सुहास,

पुस्तक मिळालं. सोबतच्या चिठ्ठीत तू उगाच माफी मागितलीस: "जुनं घेतलंय, आधीच्या कुणीतरी रेघोट्या मारून ठेवल्यात, खोडरबरानं पुसून मग वाच." एकही रेघ पुसलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो.

पहिली दहा-बारा पानं मीही वैतागलो. वाचताना कुणीतरी खांद्यावरून डोकावतंय असं वाटायचं. पण चौदाव्या पानावर लेखकाचं ते ठाम विधान आहे ना, त्याच्या शेजारी समासात नुसतंच "छे!" लिहिलंय. मी त्या वाक्याला मान डोलावून पुढे गेलो होतो. त्या "छे!"नं मागे ओढलं. पुन्हा वाचलं, आणि गृहस्थाचं बरोबर आहे असं वाटायला लागलं. (गृहस्थ की बाई, कुणास ठाऊक. अक्षर बारीक, उजवीकडे झुकलेलं. मी आपला गृहस्थ धरून चाललोय.) त्यानंतर पान उलटलं की डोळे आधी समासाकडेच.

तू पुसायची गोष्ट करतोस म्हणून सांगतो. कोपर्निकसचा सूर्यकेंद्री सिद्धान्ताचा ग्रंथ १५४३ सालचा. तो कुणी वाचलाच नाही, असं लेखक आर्थर कोस्लरनं ठरवून टाकलं होतं. पुढे १९७० मध्ये ओवेन गिंगरिच या खगोलशास्त्रज्ञाला एडिंबरात त्याची एक प्रत दिसली, टिपणांनी गच्च भरलेली. ती निघाली सोळाव्या शतकातल्या एरास्मस राइनहोल्ड या खगोलाच्या प्राध्यापकाची. मग गिंगरिच तीसेक वर्षं देशोदेशी हिंडला आणि पहिल्या दोन आवृत्त्यांच्या जवळपास ६०० प्रती चाळल्या. कुणी वाचलं, कुणी कुणाची टिपणं उतरवून घेतली, सगळं समासातल्या शाईवरून जुळवत गेला. कोऱ्या करकरीत प्रती तिथे काय कामाच्या?

गणितज्ञ फर्माचं तर माहीतच आहे तुला. एका प्रमेयाची सिद्धता सुचलीय पण समासात मावत नाही, असं वाचत असलेल्या पुस्तकाच्या समासातच लिहून मोकळा झाला. मुलानं १६७० मध्ये ती टिपणं छापली म्हणून जगाला कळलं; मूळ प्रत हरवली ती हरवलीच. त्या मुलाच्या हाती तुझं खोडरबर नव्हतं, हे गणिताचं नशीब.

अर्थात सगळ्याच खुणांचं मला कौतुक नाही. हायलायटरनं पानंच्या पानं पिवळी करणाऱ्याला त्यातलं नेमकं काहीच महत्त्वाचं वाटलेलं नसतं.

मधे एक वर्तमानपत्राचं कात्रण होतं. ते तेवढं काढून पाकिटात ठेवलंय. तो कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं आम्ल शेजारच्या पानांत उतरतं. दोन्ही पानांवर कात्रणाच्या मापाची तपकिरी सावली पडलीय बघ. एका बाजूला हवामानाचा अंदाज, दुसरीकडे शिलाई मशीनची अर्धी कापली गेलेली जाहिरात. यातलं जपायचं नेमकं काय होतं? मी दोन संध्याकाळी घालवल्या यावर.

पहिल्या पानावर "सप्रेम भेट" उरलंय आणि खालचं नाव ब्लेडनं खरवडलेलं. तू लगेच प्रेमभंग रचशील. मला वाटतं, भेट मिळालेलं पुस्तक विकताना नाव दिसायची लाज वाटली असेल, बस्स.

पुढच्या आठवड्यात परत पाठवतो. दोन ठिकाणी त्याच्या शेऱ्याखाली मीही पेन्सिलीनं लिहिलंय, रागावू नकोस. पटलं नाही तर खाली तुझ्यापुरती जागा आहे.

एकशे ऐंशीव्या पानाचा कोपरा मात्र दुमडलेला आहे, आणि त्यापुढे ना रेघ, ना शेरा. आणि नेमकं पुढच्याच प्रकरणात लेखक ते चौदाव्या पानावरचं विधान मागे घेतो. गृहस्थाला बहुधा ते कळलंच नाही.

तुझा,
विनू