बिलाच्या मेलमधली पाळत मे २०२७ पर्यंत का सोसायची?

माननीय केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,
सविनय नमस्कार.

ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा मंजूर झाला. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि त्यातही संमतीच्या, म्हणजे माहिती घेण्याआधी कंपनीने ग्राहकाला विचारण्याच्या, तरतुदींना आणखी अठरा महिन्यांची मुदत दिलीत, म्हणजे थेट मे २०२७. तोवर वीजबिल, विम्याचा हप्ता, बँकेचे स्टेटमेंट घेऊन येणाऱ्या कित्येक मेलमध्ये पाळत ठेवणारे चित्र बसलेलेच राहणार. तक्रार त्याची आहे.

हे चित्र एक पिक्सेल रुंद, एक पिक्सेल उंच आणि पारदर्शक असते. वजन अवघे ४३ बाइटही असू शकते. प्रत्येक ग्राहकासाठी त्याचा वेब पत्ता वेगळा बनवतात. मेल उघडला की फोन ते चित्र मागवतो आणि पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर नोंद पडते: कोणी उघडला, किती वाजता, कितव्यांदा, कोणत्या उपकरणावर, आणि आयपीवरून (म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावरून) साधारण कुठल्या शहरातून. सकाळी ठाण्याहून सुटलेल्या लोकलमध्ये, दुपारी लोअर परळच्या ऑफिसात, रात्री घरी. बिल वसूल करायला यातले काय लागते? जीमेल डिसेंबर २०१३ पासून चित्रे स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणते, त्यामुळे आयपी झाकला जातो. मेल उघडल्याची वेळ मात्र कळतेच. ॲपलच्या मेलमध्ये सप्टेंबर २०२१ पासून अशी सोय आहे की चित्रे आधीच उतरवून घेतली जातात, मेल कोणी वाचो वा न वाचो. म्हणजे ‘तुम्ही नोटीस उघडली होती’ असे वसुलीवाला या नोंदीच्या जोरावर दटावू लागला, तर त्या नोंदीने काहीही सिद्ध होत नाही. एवढे तरी आपल्या मंत्रालयाने जाहीर सांगावे.

लोकांना करता येण्यासारखे थोडे आहे. संगणकावर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘जनरल’खाली ‘इमेजेस’ शोधावे, बाहेरची चित्रे दाखवण्याआधी विचारण्याचा पर्याय निवडावा आणि पानाच्या तळाशी जाऊन बदल सेव्ह करावा. हे शेवटचे राहिले तर सगळे फुकट. फोनच्या ॲपमध्ये हा पर्याय प्रत्येक खात्याच्या सेटिंगमध्ये पाहावा. आयफोनवर मेलच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी प्रोटेक्शन’ आहे. थंडरबर्ड हा मेल वाचण्याचा प्रोग्राम बाहेरची चित्रे मुळातच अडवतो.

पण काही मेलमध्ये रक्कम आणि मुदतच चित्रात छापलेली असते. चित्र अडवा, तर बिल वाचता येत नाही. शिवाय एका पिक्सेलचा ठिपकाच हवा असेही नाही, कंपनीच्या लोगोच्या पत्त्यात ग्राहकाचा क्रमांक घातला तरी तेच काम होते.

सगळ्यात घातक प्रकार दुव्यांचा. ‘बिल पाहा’ दाबले की पुष्कळदा आधी मेल पाठवणाऱ्या तिसऱ्याच कंपनीच्या पत्त्यावर नोंद होते, आणि मग बिलाचे पान उघडते. इथे जीमेलची ढालही चालत नाही, आयपी उघडा पडतो. एकीकडे अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नका, फसलात तर १९३० वर फोन करा, असे सरकार बजावते. दुसरीकडे खरीखुरी बिलेच अनोळखी, लांबलचक, अगम्य दुव्यांतून येतात. मग साठी ओलांडलेल्या पेन्शनरने खरा दुवा आणि भामट्याचा दुवा यात फरक करायचा कसा? ही सवय लोकांना कंपन्यांनीच लावली, आणि पैसे गेले की दोष त्या म्हाताऱ्या माणसाला.

नको असलेले एसएमएस आणि फोन रोखायला १९०९ हा क्रमांक आहे. मेलसाठी तसे काहीच का नाही?

खरा संताप पुढचा आहे. याच कायद्याच्या कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्यातले, वैयक्तिक माहिती नाकारण्याबाबतचे कलम ८(१)(ञ) बदलले, आणि ते नोव्हेंबर २०२५ मध्ये लगेच लागू झाले. नागरिकाने सरकारला विचारायची वाट अरुंद करायला एक दिवसाची सवलत लागली नाही. कंपनीने नागरिकाला विचारावे यासाठी मात्र दीड वर्ष! दंडाचे आकडे २५० कोटींपर्यंत जातात, पण ती रक्कम सरकारी तिजोरीत जमा होणार. ज्याची माहिती गेली त्याला भरपाई देण्याची तरतूद या कायद्यात नाही. उलट खोटी किंवा उथळ तक्रार केली तर त्याच्यावरच दहा हजारांपर्यंत दंड. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवला. तो वीजग्राहकापर्यंत पोहोचायला आणखी किती वर्षे लागायची?

बिल, स्टेटमेंट, पॉलिसी आणि फीच्या मेलमध्ये मेल उघडल्याची नोंद घेणारे कोणतेही चित्र नसावे. रक्कम आणि मुदत साध्या मजकुरात असावी. दुवा थेट कंपनीच्या स्वतःच्या पत्त्याचा असावा. यासाठी मे २०२७ ची वाट पाहण्याची गरज नाही; मेल पाठवण्याच्या अनेक प्रणालींत उघडणे आणि क्लिक यांची नोंद बंद करण्याचे बटण आजही आहे. ते दाबण्याचे निर्देश द्या, आणि सुरुवात सरकारी खात्यांच्या मेलपासून करा.

कळावे,
मुलुंडची एक वीजग्राहक