सोडलेल्या माशाची हकिगत

न्यूमार्केट, ऑंटेरियो
फेब्रुवारी अखेर

प्रिय बाबल्या,

सप्रेम नमस्कार.

फोटो पाठवला आणि लगोलग तुझं उत्तर आलं, "एवढो मासो परत सोडलंस? येडो झालंस काय?" त्यावर मोबाइलमध्ये दोन ओळी खरडून भागलं नसतं. तुझ्या घरात भाताचं आधण चढायच्या आधी "आज काय गावलां?" हा प्रश्न होतो. तिथे हातात आलेला सत्तर सेंटिमीटरचा मासा कोणी पाण्यात सोडला, म्हणजे तो माणूस कामातून गेलाच. म्हणून बैजवार लिहितो. वाचून झाल्यावरही येडा म्हणालास तर तक्रार नाही.

इथे फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी फॅमिली डेची सुट्टी असते. त्या सोमवारी आणि त्याला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी ऑंटेरियोत कॅनडाच्या रहिवाशांना परवान्याशिवाय मासे धरता येतात, फक्त किती ठेवायचे त्याची मर्यादा कमी असते. हे दिवस साधून माझ्या कामावरचा एक जण गावातल्या फूड बँकेसाठी, म्हणजे गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या केंद्रासाठी, बर्फावरची मासेमारी भरवतो. संस्था नाही, बॅनर नाही, भाषण तर नाहीच नाही. माणशी पन्नास डॉलर द्यायचे आणि डबाबंद खाण्याची एक पिशवी आणायची. झोपड्यांचा मालक त्या दिवसाचं भाडं घेत नाही. वर ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे पैजा, त्यांचे पैसेही त्याच डब्यात. सगळ्यात लांब माशाला बक्षीस आणि सगळ्यात लहान माशालाही, आणि चुरस दुसऱ्यासाठी जास्त. २०२४ च्या हिवाळ्यात इथे बर्फ नीट धरलाच नाही, तेव्हा मंडळींनी घरी बसून पैसे दिले म्हणे. यंदा थंडी कडक पडली आणि मलाही बोलावणं आलं.

सिम्को तलाव टोरंटोच्या उत्तरेला. तलाव म्हणतात, पण पसारा ७०० चौरस किलोमीटरहून मोठा. त्याच्या पश्चिमेला केम्पेनफेल्ट नावाचा एक लांबट, अरुंद फाटा आत घुसलाय आणि त्या फाट्याच्या टोकाला बॅरी शहर आहे. सगळ्यात खोल पाणी इथेच, ४१ मीटरपर्यंत, म्हणून गोठतंही सगळ्यात शेवटी.

किनाऱ्यावर आम्हाला न्यायला जी गाडी आली, ती तू बघायला हवी होतीस. पट्ट्यांवर चालणारी, गोल खिडक्यांची, गोलसर पाठीची बोंबार्डिए, १९४० च्या दशकातला नमुना. क्वेबेकमध्ये हिवाळाभर रस्ते बर्फाखाली बुडायचे, त्या काळात जोसेफ-आर्मांद बोंबार्डिए नावाच्या मेकॅनिकने डॉक्टर, टपाल, शाळेची पोरं ने-आण करायला असल्या गाड्या बनवल्या. पुढे त्या नावाची विमानं निघाली, पण या तलावावर अजून त्याच जुन्या गाड्या कोळ्यांना वाहतायत. आत डिझेलचा, कॉफीचा आणि ओल्या लोकरी मोज्यांचा मिळून एक वास होता. आपल्या ट्रॉलरच्या केबिनपेक्षा बरा.

पाण्यावर गाडी जाते हे पोटाला पटायला वेळ लागतो. मालकाने सकाळीच पहारीने ठोकत, गिरमिटाने भोकं पाडत बर्फ मोजला होता. इथला ठोकताळा असा, की चालत्या माणसाला १० सेंटिमीटर, स्नोमोबिलला २०, मोटारीला ३०, तेही बर्फ काळसर आणि आरपार दिसणारा असेल तर. पांढरा, बुडबुड्यांचा बर्फ असेल तर ताकद निम्मीच धरायची. आमच्याखाली चाळीसच्या वर होता. तरीही प्रत्येकाच्या गळ्यात दोरीला बांधलेल्या दोन मुठी दिल्या होत्या, पुढे खिळे बसवलेल्या. कोणी आत गेलाच तर ते खिळे बर्फात रोवून स्वतःला वर ओढायचं. त्या गळ्यात घातल्यावर मी उगाचच पावलं मोजून टाकू लागलो, आणि माझ्याकडे पाहून दोन शाळकरी पोरं हसली.

झोपडी म्हणजे प्लायवूडची खोली. बाहेर सरकारी नोंदणीचा क्रमांक रंगवलेला, आत दोन बाकं, गॅसचा हीटर आणि जमिनीत भोकं. हीटरमुळे विषारी वायू साचू नये म्हणून एक झरोका कायम उघडा ठेवतात, त्यामुळे गुडघे भाजतात आणि मान गारठते. माझ्या झोपडीत एक निवृत्त नर्सबाई होत्या, सत्तरीच्या पुढच्या. त्यांच्या हातात विणकाम आणि विणकामाच्या पिशवीत गऱ्या! मधूनच बर्फ ताणला जाऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कडाडत जायचा, माझा जीव वर यायचा. बाईंचा टाका चुकत नव्हता. त्या म्हणाल्या, आवाज करतोय तोवर काळजी नको, थंडीने वाढतोय तो.

आता गरवण्याबद्दल, कारण तू तेच आधी विचारशील. दांडी हातभर लांबीची, लहान पोराच्या खेळण्यातली वाटावी अशी. भोक वीतभर रुंद, त्यावर साय धरत राहते, ती झाऱ्याने काढत बसायची. गरीला पांढऱ्या मऊ रबराची नळी, त्यात शिशाचं डोकं. ती तळाशी सोडायची, वीतभर उचलायची, पडू द्यायची, परत उचलायची. शेजारी एक यंत्र असतं, घड्याळाएवढी तबकडी, तिच्यावर रंगीत रेघा. एक रेघ तळाची, एक तुझ्या गरीची, आणि तिसरी उमटली तर मासा. म्हणजे तीस मीटर खाली काय चाललंय ते तुला दिसतं. देवबागच्या संगमावर आपण दोरीला बोट लावून अंदाज घेत बसायचो, त्याची मजा वेगळी. पण हेही भारी प्रकरण आहे, थापा मारत नाही.

आम्ही ज्याच्या मागे होतो तो लेक ट्राउट. नावात ट्राउट असला तरी कुळाने 'चार' (char) नावाच्या माशांपैकी, थंड पाण्याचा मासा. उन्हाळ्यात वरचं पाणी तापलं की तो तळाशी दडतो. हिवाळ्यात सगळंच पाणी गार, तेव्हा बर्फाखाली मन मानेल तिथे फिरतो. आणि त्याचा स्वभाव पाठलागाचा. तबकडीवर तिसरी रेघ उमटली की गरी तिथेच हलवत बसायचं नाही, भराभर वर ओढत सुटायचं, आपण पळून चाललोय अशी. माझ्या गरीमागे दोनदा रेघ वर आली आणि दोन्हीदा परतली. नर्सबाई न पाहताच म्हणाल्या, "थांबू नका." तिसऱ्यांदा मी थांबलो नाही. निम्म्या पाण्यावर असा हिसका बसला की दांडी भोकाच्या काठावर आपटली.

मग तो खाली गेला. चार वाव दोरी घ्यायची, आठ वाव द्यायची, असं बराच वेळ. वर येताना भोकातून बुडबुडे यायला लागले. मला वाटलं मासा सुटला. बाईंनी सांगितलं, तो ढेकर देतोय. खोलातली तांबोशी वर ओढली की पिशवीतली हवा फुगून तिचं पोट तोंडात येतं, तू शेकडो वेळा बघितलंयस. या माशाची हवेची पिशवी घशाला जोडलेली असते, वर येता येता तो हवा तोंडावाटे सोडतो. म्हणून खोल पाण्यातून काढलेला असला तरी परत गेला तर जगतो. हे तुझ्या प्रश्नाच्या उत्तरातलं पहिलं पाऊल समज.

भोकातून डोकं वर आलं. हिरवट करडं अंग, त्यावर फिकट ठिपके, खोल दुभंगलेली शेपूट, पांढऱ्या कडांचे पर. बाईंनी विणकाम बाजूला ठेवलं ते पहिल्यांदाच. पण त्यांनी मासा किती लांब आहे ते पाहिलं नाही. त्याचे पर तपासले, एकेक करून, शेपटीअलीकडच्या मांसल चिमुकल्या परासकट. मग म्हणाल्या, "सगळे आहेत. हा इथलाच."

त्याचा अर्थ असा. या तलावात शेतांतून, सांडपाण्यातून, लोकांच्या हिरवळींतून फॉस्फरस येत राहिला. त्यावर शेवाळ माजलं. शेवाळ मेलं की तळाशी जातं आणि कुजताना तिथला ऑक्सिजन खाऊन टाकतं. उन्हाळाभर वरचं गरम पाणी आणि खालचं गार पाणी मिसळत नाही, त्यामुळे खाली नवी हवा पोचायचा मार्ग बंद. म्हणजे वर गेलं तर पाणी तापलेलं, खाली गेलं तर श्वास कोंडणारा, आणि ट्राउट मधल्या फटीत अडकलेला. मोठे कसेबसे तगले, पिल्लं नाही तगली. शरदात दगडाळ उथळ भागात अंडी पडायची, पण त्यातून पुढची पिढी उभी राहीना. सरकारने १९६० च्या दशकापासून उबवणीतली पिल्लं आणून सोडली म्हणून मासा उरला. त्या पिल्लांचा एखादा पर कातरून सोडतात, ओळख म्हणून. वर्षानुवर्षं लोकांनी धरलेला जवळपास प्रत्येक ट्राउट असा कातरलेलाच निघायचा. या सहस्रकाच्या सुरुवातीपासून मात्र अखंड परांचे मासे दिसू लागले, तलावातच जन्मलेले. २००८ साली या एका तलावासाठी प्रांताने स्वतंत्र कायदा केला, २००९ मध्ये योजना आली. तळाच्या पाण्यात लिटरमागे ७ मिलिग्रॅम ऑक्सिजन राहिला पाहिजे, वर्षाला येणारा फॉस्फरस ४४ टनांवर आणायचा, असे आकडे लिहून ठेवलेत. ४४ टनांचं लक्ष्य अजून लांब आहे, पण दिशा बरी आहे.

आता तूच सांग. अंडी घालण्याजोगा व्हायला या माशाला सहा-सात वर्षं लागतात. माझा त्याहून थोर होता, आणि कोणी आणून न सोडता इथल्याच दगडांत जन्मलेला. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै होड्या वर ओढून ठेवतात, नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय समुद्रात जात नाहीत, तेव्हा तुझे बाबा काही निसर्गप्रेमी म्हणून घरी बसत नव्हते. पुढच्या वर्षीही खायचं होतं, एवढंच.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो, नाहीतर तुला वाटेल मी इथल्यांचा झालो. दिवसभर मासे धरायचे, फोटो काढायचे आणि सगळे सोडायचे, हा खेळ मला अजूनही आवडत नाही. खायचं नसेल तर त्याच्या तोंडात गरी कशाला? आमच्यातले दोघे-तिघे तसेच होते, माणसं भली, पण मला तो प्रकार पोट भरल्यावर ताटात चिवडण्यासारखा वाटतो. नर्सबाईंचं धोरण मला पटलं. कातरलेल्या पराचा, मध्यम आकाराचा मासा आला तर एक ठेवायचा आणि त्यानंतर गरी गुंडाळून विणत बसायचं. मोठा ठेवण्यात तसाही अर्थ नाही. हा मासा दीर्घायुषी आणि दुसऱ्या माशांवर जगणारा, त्यामुळे जितका मोठा तितका पारा वगैरे अंगात जास्त. कोणत्या तलावातला कुठल्या लांबीचा मासा महिन्यातून किती वेळा खावा, याची सरकारी पुस्तिकाच आहे इथे. तुझ्या आईला सांगू नकोस, मासे खायला पुस्तिका लागते म्हटल्यावर त्या मला परत बोलावून घेतील.

फोटोसाठी किती वेळ घेतला म्हणून तू चिडला होतास ना? बाहेर उणे १४ होतं. तशा हवेत कल्ले आणि डोळे क्षणात गोठतात. म्हणून मासा झोपडीतच, ओल्या हातांनी, पट्टीवर ठेवून एक फोटो, आणि डोकं खाली करून भोकात. तो थोडा वेळ तसाच राहिला, मग एका फटक्यात गेला. माझ्या बाहीत कोपरापर्यंत पाणी.

लांबीचं बक्षीस मला मिळालं नाही, पलीकडच्या झोपडीत कोणीतरी चार बोटांनी मोठा काढला. लहान माशाचं बक्षीस किनाऱ्याजवळ पर्च धरणाऱ्या एका सहा वर्षांच्या मुलीला गेलं, करंगळीएवढ्या माशावर. दुपारी सगळे एका मोठ्या तंबूत जमलो, राजमा आणि खिम्याची तिखट म्हणवणारी चिली होती. पैशांचा डबा तिथेच उलटा केला. चार हजार डॉलरांच्या वर निघाले, शिवाय डब्यांनी एका पिकअपचा मागचा भाग भरला. मला आपल्या रापणीची आठवण झाली, सगळ्यांनी मिळून किनाऱ्यावरून जाळं ओढायचं ते. दोरीला हात लावला त्याचा वाटा, मग तो म्हातारा असो की वाटेने जाणारा. इथे दोरी ज्याची त्याची वेगळी आणि वाटा मात्र तिथे नसलेल्यांचा. फूड बँकेत येणाऱ्यांत आता नवे विद्यार्थी खूप असतात, आपल्या देशातलेही. म्हणून पुढच्या वेळी तूरडाळ, मसूर आणि तांदूळ वेगळे आणूया असं मी सुचवलं. लगेच ते काम माझ्याच गळ्यात पडलं.

नर्सबाईंना दुपारनंतर कातरलेल्या पराचा एक मिळाला. अर्धा त्यांनी मला दिला. मांस फिकट नारिंगी आणि तेलकट, सुरमईपेक्षा बांगड्याच्या वळणाचं. घरी आणून तिखलं केलं, कोकम आणि तिरफळं घालून, खोबऱ्याला हात न लावता. वास बांगड्याएवढा धीट नाही, पण रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागला. बाईंना डबा नेऊन दिला. त्यांनी तिरफळ चावून खाल्लं, जीभ बधिर झाली म्हणून घाबरल्या, आणि मग कृती लिहून मागितली.

तेव्हा एक काम कर. इथे दुकानात तिरफळं मिळत नाहीत आणि माझी बरणी तळाला आलीय. मे महिन्यात तुझ्या भाचीचा इकडे यायचा बेत आहे ना, तिच्याबरोबर पावशेर पाठव. बी काढलेली, नीट वाळवलेली. काकींना नमस्कार, वहिनींना आणि पोरांना आठवण.

तुझाच,
आबा