पाठमोरी राणी

प्रिय मंजू,

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. गेल्या आठवड्यात लंडनच्या व्ही अँड ए संग्रहालयात एका वाद्यापुढे किती वेळ उभी होते कोण जाणे. लेक कंटाळून कॉफी प्यायला निघून गेली. दिसायला लांबट पेटी, पण भाता नाही. पट्टी दाबली की आत लाकडी काडी उचलली जाते आणि तिच्यातलं पिसाचं टोक तार छेडतं. नाव व्हर्जिनल. व्हेनिसचं काम, वर पहिल्या एलिझाबेथचं राजचिन्ह.

या राणीची गंमत ऐक. १५६४ साली स्कॉटलंडच्या मेरी राणीचा वकील जेम्स मेलव्हिल हिच्या दरबारी आला. मेरी कसं वाजवते, असं हिने विचारलं. तो म्हणाला, 'राणीच्या मानाने बरं.' झालं! त्याच दिवशी जेवणानंतर हिचा मावसभाऊ लॉर्ड हन्सडन त्याला फिरत फिरत एका दालनापाशी घेऊन गेला. आत व्हर्जिनल वाजत होतं. मेलव्हिलने पडदा सारला, राणी पाठमोरी. तो गुपचूप ऐकत राहिला. तिने वळून पाहिलं मात्र, हात थांबले, आणि उठून त्याला मारल्यासारखं केलं. म्हणे, मी पुरुषांसमोर वाजवत नाही, एकटी असले की उदासी घालवायला वाजवते. आणि पुढे प्रश्न काय, तर मेरी सरस की मी!

मला तर सगळा बनाव वाटतो. ऐकू तर जायला हवं, पण ऐकवायला बसलेय असं दिसायला नको. घरंदाज मुलीला वाजवायला शिकवायचं, आणि चारचौघांत वाजवलं की नावं ठेवायची. पुरुषही सुटले नाहीत; मुलगा बायकी करायचा असेल तर त्याला संगीत शिकवा, असं स्टब्ज नावाच्या गृहस्थाने १५८३ मध्ये छापलं.

'हॅम्लेट'मधली ऑफेलिया भर दरबारात गाते, पण वेड लागल्यावर. १६०३ च्या छापील प्रतीत ती केस मोकळे सोडून, ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवत येते. आणि ती करणार कोण, तर पोरगा! बालगंधर्वांसारखा कसलेला गडी नव्हे, आवाज न फुटलेला.

तिथेच तुझी आजी आठवली. सोप्यावर कुणाची चाहूल लागली की पेटीवर पदर टाकून बसायची. खिडकी मात्र कधी लावून घेतली नाही, हो ना गं?

तुझी,
सुमा