सुईकडे बघता, मग पाणवठ्याकडेही बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंबद्दल काही छापून आले की त्यात पशुपालकाचा उल्लेख हमखास असतो, आणि तोही आरोपीच्या पिंजऱ्यातला. डॉक्टरला न विचारता जनावरांना इंजेक्शने टोचतात, झाला निकाल! टोचतात, हे खरेच. उभी नोकरी पशुवैद्यक म्हणून केल्यावर मी ते कशाला नाकारू? अंदाजाने भरलेली सिरिंज, जनावर उठून चरायला लागले की अर्धवट सोडलेला डोस, लाळ्या-खुरकुतावर ऑक्सिटेट्रासायक्लीन हे प्रतिजैविक, सगळे पाहिले आहे. (लाळ्या-खुरकूत विषाणूचा, त्या विषाणूला या औषधाचे काहीच वाटत नाही. पण जनावर आपसूक बरे झाले तरी श्रेय सुईलाच जाते.)

तरीही सुईवर बोट ठेवून थांबलो तर गोष्ट अर्धीच कळते. उत्तर टांझानियात मसाई पशुपालक आणि त्यांच्या शेजारचे अरुशा व चग्गा समाज यांच्यातील ई. कोलाय हे आतड्यात राहणारे जंतू संशोधकांनी तपासले. औषध जास्त तिथे प्रतिकार जास्त, असे सरळ गणित काही जुळले नाही. जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या वाटा तितक्याच, किंबहुना जास्त महत्त्वाच्या दिसल्या. निरसे दूध ही त्यातलीच एक वाट.

यात नवल नाही. प्रतिकाराची जनुके बऱ्याचदा प्लाझ्मिडवर, म्हणजे जंतूच्या पेशीतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असतात, आणि एक जंतू ती शेजारच्या जंतूला देऊन टाकतो, तो वेगळ्या जातीचा असला तरी. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कोंबड्यांना ऑक्सिटेट्रासायक्लीन मिसळलेले खाद्य दिले होते. त्यांच्या आतड्यातले जंतू थोड्याच दिवसांत प्रतिकारक झाले, आणि काही महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या माणसांच्या पोटातही तसेच जंतू वाढलेले आढळले. औषध खाल्ले होते कोंबड्यांनी. आता कळपाबरोबर राहणारे घर डोळ्यांपुढे आणा: गाय अडली तर हात घालून वासरू ओढणारा बाप, त्याच हाताने धार, आजारी कोकरू रात्री उबेला घरात, आणि ज्या पाण्यात गुरे उतरतात तेच हंड्यात. जंतूची ये-जाही दोन्ही बाजूंनी चालते. उघड्यावरच्या मैल्यातून माणसाचे जंतू गुरांकडे जातात, हे आपण सोयीने विसरतो.

दूध उकळा, असा सल्ला मीही देत आलो. उकळल्याने जंतू मरतात, औषधाचा अंश मात्र पूर्ण जात नाही. त्यासाठी इंजेक्शननंतर ठरलेले दिवस दूध बाजूला काढावे लागते. सांगायला सोपे आहे. पण दूध हेच जेवण असलेल्या घरात ते दिवस पोरांना काय द्यायचे? आणि सरपण मैलभरावरून आणणाऱ्या बाईला रोज दूध उकळायला सांगणे म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक मोळी ठेवणे. हा प्रश्न एकीने मला तोंडावर विचारला होता. माझ्याकडे उत्तर नव्हते.

औषधे चिठ्ठीशिवाय विकू नका, असा नियम हवाच. पण डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर असेल तर त्या नियमाने फक्त जनावर मरते. त्यापेक्षा लस कळपापर्यंत आणि थंडच्या थंड पोचू द्या. गुरांची बुळकांडी ही जीवघेणी साथ २०११ साली जगातून गेली ती मुख्यतः लसीमुळे, आणि त्या कामात कळपांमधूनच तयार केलेल्या लसटोचकांचा वाटा मोठा होता. आजारच कमी झाले तर बाटली उघडायचे प्रसंगही कमी होतील.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. पुढच्या वेळी औषधाच्या रिकाम्या बाटल्या जरूर मोजा. सोबत पाणवठा किती लांब आहे आणि तिथे कोण कोण पाणी पिते, तेही विचारून या.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्यक